मुखप्रक्षालन द्रव्ये

मुखप्रक्षालन द्रव्ये : चेहऱ्याच्या त्वचेवर साचलेली धूळ, काजळी, घाम, तैलग्रंथींचा स्राव, मृत पेशी व रंगभूषेचे अवशेष काढून टाकण्यासाठी वापरण्यात येणारे पदार्थ. डाळीचे पीठ, उटणे, रिठा, मुलतानी माती, दुधाची साय यांसारखे घरगुती पदार्थ, साबण, कोल्ड क्रीम आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेले ‘फेसवॉश’ या नावाचे द्रवरूप पदार्थ या सर्वांचा त्यांत समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत या द्रव्यांच्या घटकांचा इतिहास मुख्यत्वे मुंबई व तिची पूर्व उपनगरे यांच्या संदर्भात दिलेला आहे. शिवडी, चेंबूर, विक्रोळी व मुलुंड या पट्ट्यात तेल, साबण, सौंदर्यप्रसाधने व खनिज तेल यांचे उद्योग एकामागून एक उभे राहिले. प्रक्षालन द्रव्यांचा कच्चा माल वाण्याच्या दुकानातून तेलाच्या गिरणीत आणि तेथून तेलशुद्धीकरण कारखान्यात कसा गेला, हे या एका पट्ट्याच्या इतिहासावरून समजू शकते.

चेहऱ्यावरील मळ हा बव्हंशी तेलकट असतो. कपाळ, नाक व हनुवटी या भागांत तैलग्रंथी दाट असून त्यांच्या स्रावात धूळ व धुरातील कार्बनाचे कण चिकटून बसतात. औद्योगिक वस्तीत हा अनुभव विशेष येतो. माहूल येथे १९५४ व १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने आणि पुढे १९६५ मध्ये ट्रॉम्बेचा खत कारखाना सुरू झाल्यावर चेंबूरची मूळची बागाईत वस्ती धुरासाठी ओळखली जाऊ लागली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यातही चेंबूरचा समावेश होता. असा मळ नुसत्या पाण्याने निघत नाही, कारण तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. तो काढण्याचे मार्ग मोजकेच आहेत : कोरड्या पिठाने वा मातीने तेल शोषून घेणे, खरबरीत पदार्थाने घासून काढणे, तेलातच तेल विरघळवून पुसून टाकणे, किंवा ज्याच्या रेणूचे एक टोक तेलाला व दुसरे पाण्याला धरते अशा पदार्थाच्या साहाय्याने तेल पाण्यात वाहून नेणे. अखेरच्या प्रकारच्या पदार्थाला पृष्ठक्रियाकारी द्रव्य म्हणतात. कोणत्याही काळातील मुखप्रक्षालन द्रव्य घेतले, तरी त्याचे मुख्य काम यांपैकी एखाद्या मार्गानेच चालते. वेष्टनावर ठळक छापलेला घटक मात्र पुष्कळदा वेगळाच असतो.

घरगुती द्रव्ये : अंगाला पीठ किंवा चूर्ण चोळून मळ काढण्याच्या क्रियेला आयुर्वेदात ‘उद्वर्तन’ अशी संज्ञा आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या ग्रंथात दिनचर्येच्या प्रकरणात उद्वर्तनाचे गुण सांगितले असून, सूत्रस्थानातच अन्यत्र मुखलेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे तीन प्रकार आणि सहा ऋतूंसाठी सहा लेप दिलेले आहेत. लेप चेहऱ्यावर पूर्ण वाळू देऊ नये, तो ओला करून मगच काढावा, ही त्यातील सूचना आजच्या त्वचाविज्ञानालाही मान्य होण्यासारखी आहे. वाळलेला लेप ओढून काढल्यास त्वचेचा बाह्य थर दुखावतो. चरकसंहितेतील वर्ण्य गणात चंदन, पद्मक, उशीर म्हणजे वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा इ. वनस्पती येतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात राजाच्या स्नानोपभोगाचे वर्णन असून त्यात अभ्यंग व उद्वर्तन यांना स्थान आहे. दख्खनमधील प्रसाधनाच्या इतिहासासाठी हा ग्रंथ विशेष महत्त्वाचा होय.

महाराष्ट्रातील घरांत याचे जे रूप टिकले, ते म्हणजे उटणे. जुन्या मराठीत सुवासिक चूर्णाला ‘चिकसा’ असाही शब्द आहे. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी काष्ठौषधींच्या दुकानातून चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, गव्हला इ. जिन्नस सुटे आणून कुटण्याची पद्धत होती. त्यात मसुराचे किंवा हरभऱ्याचे पीठ मिसळून ते दुधात वा पाण्यात कालवीत. या मिश्रणाचे गुण त्याच्या सुगंधी घटकांवरून वर्णिले जातात. परंतु मळ काढण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी पिठाचे आहे. अभ्यंगात अगोदर अंगाला लावलेले तेल जुना तेलकट मळ सैल करते व पिठातील स्टार्च आणि प्रथिने ते तेल शोषून घेतात. डाळींत अल्प प्रमाणात सॅपोनीनही असते. तान्ह्या मुलाला साय व डाळीचे पीठ लावून न्हाऊ घालण्याच्या प्रथेमागेही हेच तत्त्व आहे : सायीतील स्निग्धांश मळ मोकळा करतो आणि पीठ तो उचलते.

रिठा व शिकेकाई यांचे कार्य याहून निराळे आहे. रिठ्याच्या गरात सॅपोनीन भरपूर असते आणि ते खरे पृष्ठक्रियाकारी द्रव्य आहे. त्याला फेस येतो व तेल पाण्यात उतरते. शिवाय रिठ्याचे पाणी सौम्य आम्लधर्मी असते. निरोगी त्वचेचा पृष्ठभागही आम्लधर्मी, साधारणपणे ४·५ ते ५·५ पीएच मूल्याचा असतो. जर्मनीतील हाइन्रिख शाडे व आल्फ्रेड मार्कीओनीनी यांनी १९२८ मध्ये या आम्ल आवरणाचे वर्णन केले. या दृष्टीने रिठा साबणापेक्षा त्वचेला जवळचा आहे, असे म्हणता येईल. तथापि तो डोळ्यांना झोंबतो, त्यामुळे केसांसाठी व कपड्यांसाठी त्याचा वापर जेवढा झाला, तेवढा चेहऱ्यासाठी झाला नाही. मुलतानी मातीतील खनिजकण अतिशय सूक्ष्म व पापुद्र्यांचे असून तेल शोषण्याची त्यांची शक्ती मोठी आहे. तेलकट त्वचेला ती मानवते. कोरड्या त्वचेला मात्र ती आणखी कोरडी करते.

घरगुती म्हणून निरुपद्रवी, हे समीकरण बरोबर नाही. उटण्याच्या काही पाठांत बावची असते. तिच्यातील सोरॅलीन या द्रव्यामुळे त्वचा सूर्यप्रकाशाला अतिसंवेदनशील होते व उन्हात गेल्यास भाजल्यासारखे चट्टे उठतात. कोडावरील उपचारात बावचीचा उपयोग होतो तो याच गुणामुळे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यानेही असाच परिणाम होऊ शकतो. तरीही जुन्या पद्धतीचा एक लाभ मान्य केला पाहिजे. जिन्नस सुटे विकत घेतले जात, त्यांची नावे घरातील स्त्रियांना ठाऊक असत, आणि एखादा जिन्नस सोसत नसेल तर पुढच्या खेपेस तो वगळता येत असे. घटकांची ही ओळख पुढे साबणाच्या वडीबरोबर नाहीशी झाली.

साबण : तेल किंवा चरबी दाहक सोड्याबरोबर तापविली असता वसाम्लांची सोडियम लवणे, म्हणजे साबण, व ग्लिसरीन ही तयार होतात (→ साबण). हा पदार्थ मुंबईच्या बाजारात प्रथम आयात माल म्हणून आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सनलाइट व लाइफबॉय हे ब्रिटिश साबण भारतात येऊ लागले. आर्देशिर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास मुंबईत साबणनिर्मितीस हात घातला व केवळ वनस्पतिजन्य तेलांपासून अंगाचा साबण तयार केला. त्या काळी अंगाच्या साबणात प्राण्यांची चरबी असणे हे गृहीत होते. त्यामुळे ‘चरबी नाही’ हे त्या साबणाचे खरे वैशिष्ट्य ठरले व स्वदेशीच्या वातावरणात त्याला मान्यता मिळाली. टाटा ऑइल मिल्स कंपनी १९१७ मध्ये स्थापन झाली. तिचा हमाम हा साबण १९३० नंतरच्या दशकात लोकप्रिय झाला. लिव्हर ब्रदर्स कंपनीने १९३४ मध्ये शिवडी येथे साबण बनविण्यास प्रारंभ केला. गोदरेजांचा उद्योग पुढे विक्रोळीस विस्तारला. टाटांचा मोती हा गोल वडीचा साबण १९७० नंतरच्या दशकात आला आणि दिवाळीच्या पहाटे उटण्याशेजारी त्याला जागा मिळाली. ही कंपनी १९९३ मध्ये हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली.

साबणाचा गुण कोणत्या तेलापासून तो केला आहे, यावर अवलंबून असतो. चरबी व पाम तेल यांत पामिटिक, स्टिअरिक व ओलेइक ही लांब साखळीची वसाम्ले असतात. त्यांचा साबण टणक, सावकाश झिजणारा व त्वचेला तुलनेने सौम्य होतो, परंतु त्याला फेस बेताचा येतो. खोबरेलातील वसाम्लांपैकी निम्म्याच्या जवळपास लॉरिक अम्ल असते. त्याच्या साबणाला चटकन व विपुल फेस येतो, मात्र तो त्वचेला अधिक कोरडे करतो. यामुळे चार भाग चरबी व एक भाग खोबरेल असे मिश्रण अंगाच्या साबणासाठी जगभर रूढ झाले. भारतात खाद्यतेलांची टंचाई असल्यामुळे साबणासाठी अखाद्य तेलांचा शोध घेणे भाग पडले. अंधेरी येथील हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात व माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात झालेल्या कार्यामुळे तांदळाच्या कोंड्याचे तेल, तसेच मोह, कडुनिंब, साल इ. वृक्षांची तेले साबणासाठी वापरता येऊ लागली. वास व रंग काढल्यावर ही तेले अंतिम पदार्थात ओळखू येत नाहीत. साबणात कडुनिंबाचे तेल असणे व साबण ‘कडुनिंबाचा’ म्हणून विकला जाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

चरबीचा प्रश्न मुंबईत केवळ तांत्रिक नव्हता. देवनार येथे १९७१ मध्ये महानगरपालिकेचे पशुवधगृह सुरू झाले. चरबी हे अशा कोणत्याही वधगृहाचे नेहमीचे उपउत्पादन असते व साबण हे तिचे जुने गिऱ्हाईक. देशातील साबण कारखाने याशिवाय आयात चरबीही मोठ्या प्रमाणात वापरीत. आयात केलेली गाईची चरबी वनस्पती तुपात मिसळली गेल्याचे १९८३ मध्ये उघडकीस आले आणि देशभर क्षोभ उसळला. त्यानंतर चरबीच्या आयातीवर बंदी आली व साबण उद्योग पाम तेलाकडे वळला. गोदरेजांनी सहा दशकांपूर्वी जे वैशिष्ट्य म्हणून सांगितले होते, ते आता सर्वांनाच सांगावेसे वाटू लागले. घटकांचा उगम जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे काय, हा वाद पुढे न्यायालयांत गेला. सौंदर्यप्रसाधनांवर शाकाहारी-मांसाहारी उगमाची खूण असावी, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. तो सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द ठरविला. केंद्र शासनाने २०१४ मध्ये आवेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून साबणासह प्रसाधनांवर हिरवा किंवा तांबडा-तपकिरी ठिपका छापण्याची तरतूद केली.

साबणाचा मुख्य दोष त्याच्या घडणीतच आहे. त्याच्या द्रावणाचे पीएच मूल्य ९ ते १० च्या आसपास असते. आम्ल घातल्यास साबण फुटून वसाम्ले मोकळी होतात. म्हणून त्वचेइतका आम्लधर्मी साबण बनविताच येत नाही. चेहरा साबणाने धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटते ती यामुळे व तिच्यातील नैसर्गिक स्निग्धांशही वाहून गेल्यामुळे. निरोगी त्वचा काही तासांत पूर्वस्थितीवर येते, पण मुरुमे किंवा इसब असलेल्या त्वचेला हा ताण सोसत नाही. पाण्याचाही येथे संबंध येतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा इ. तलावांचे मृदू पाणी मिळते. दख्खनच्या पठारावरील विहिरींच्या व कूपनलिकांच्या कठीण पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची लवणे असल्यामुळे साबणाचा न विरघळणारा साका तयार होतो व तो त्वचेवर बसतो. चेंबूरमध्ये चांगला वाटलेला साबण लातूरला गेल्यावर बिघडल्यासारखा वाटतो, याचे कारण साबणात नसून पाण्यात असते.

साबणात घातलेल्या हळदीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. हळदीतील करक्युमीन हे पिवळे द्रव्य अल्कधर्मी माध्यमात तांबडे होते व टिकत नाही. हळदीला चुन्याची निवळी किंवा टाकणखार लावून कुंकू करतात, ती क्रिया हीच. तेव्हा उटण्यातील हळद व साबणातील हळद यांना एकाच गुणाच्या समजणे योग्य नाही.

क्रीम व रंगभूषा : तेलाने तेल काढण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत कोल्ड क्रीमच्या रूपाने प्रगत झाली. मेण, ऑलिव्ह तेल व गुलाबपाणी यांच्या मिश्रणाचे श्रेय दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याला दिले जाते. विसाव्या शतकात ऑलिव्ह तेलाची जागा शुद्ध खनिज तेलाने घेतली, कारण ते खवट होत नाही. याउलट ‘स्नो’ किंवा व्हॅनिशिंग क्रीम हे स्टिअरिक अम्लाचा काही भाग अल्कलीने साबणात रूपांतरित करून बनविलेले पायस असते. ते चेहऱ्यावर ठेवण्यासाठी असते, धुण्यासाठी नव्हे. मुंबईत इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ मध्ये काढलेले अफगाण स्नो या प्रकारचे होते. लॅक्मे ही संस्था १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्सने स्थापन केली व देशी सौंदर्यप्रसाधनांना कारखानदारीचे स्वरूप आले.

रंगभूमीवर व चित्रपटांत वापरली जाणारी तेलयुक्त रंगभूषा साबणाने नीट निघत नाही. मराठी नटमंडळी चेहऱ्यावरचा सफेदा व रंग खोबरेल लावून पुसून काढीत व मग साबण वापरीत. याच दोन टप्प्यांच्या पद्धतीला आता सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात नवे नाव मिळाले आहे. राज कपूर यांनी १९४८ मध्ये आर. के. फिल्म्स ही संस्था काढली; तिचे चेंबूर येथील कलागृह सुमारे सत्तर वर्षे त्या उपनगराची खूण होते. त्याचा मोठा भाग २०१७ मध्ये आगीत जळाला व पुढे ती जागा विकली गेली. या संस्थेच्या आवारा (१९५१) या चित्रपटात नायकाच्या आईची भूमिका करणाऱ्या लीला चिटणीस यांनी त्याआधी दहा वर्षे, १९४१ मध्ये, लक्स साबणाच्या जाहिरातीत काम केले होते. त्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय चित्रतारका होत. घटक कोणते याऐवजी साबण कोण वापरते हे सांगण्याची रीत तेव्हापासून येथे रुजली, आणि साबणातील तेलाचा उल्लेख न करताही तो खपू शकतो हे दिसून आले.

संश्लेषित द्रव्ये : दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास तेलाच्या टंचाईमुळे खनिज तेलापासून पृष्ठक्रियाकारी द्रव्ये बनविण्यास चालना मिळाली. त्यांपैकी चेहऱ्यासाठी महत्त्वाची द्रव्ये थोडी आहेत. सोडियम लॉरिल सल्फेट हे स्वस्त, भरपूर फेस देणारे, पण त्वचेला झोंबणारे आहे. इतके की त्वचेचा दाह मोजण्याच्या प्रयोगांत ते मुद्दाम तुलनेसाठी लावले जाते. त्यात एथिलीन ऑक्साइडाचे काही रेणू जोडले असता सोडियम लॉरेथ सल्फेट बनते व झोंबणे पुष्कळ कमी होते. खोबरेलाच्या वसाम्लांपासून केलेले कोकामिडोप्रोपिल बीटेन दुय्यम द्रव्य म्हणून घालतात. ते सौम्य असले, तरी त्याच्या निर्मितीत उरणाऱ्या अशुद्ध द्रव्यांमुळे काहींना अधिहर्षता होते. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हे यांत सर्वांत सौम्यांपैकी एक असून, १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघालेल्या डव्ह या वडीत ते मुख्य होते. ती वडी साबणासारखी दिसली, तरी रासायनिक दृष्ट्या बव्हंशी साबण नव्हे आणि म्हणूनच ती उदासीन पीएच मूल्याची करता आली.

या बदलाचा भौगोलिक अर्थ चेंबूरच्या परिसरात स्पष्ट दिसतो. भारतातील पहिला नॅफ्था भंजन संच युनियन कार्बाइडने ट्रॉम्बे-चेंबूर भागात १९६६ च्या सुमारास उभारला आणि एथिलीन येथे तयार होऊ लागले. एथिलीनपासून एका बाजूस प्लॅस्टिकच्या नळ्या व बाटल्या, तर दुसऱ्या बाजूस एथिलीन ऑक्साइडमार्गे लॉरेथ सल्फेटाची जात निघते. माहूलच्या तेलशुद्धीकरणात वंगणतेलाचा जो अंश वेगळा केला जातो, त्याच जातीचे तेल अधिक शुद्ध केले असता कोल्ड क्रीममधील पांढरे खनिज तेल मिळते. म्हणजे उपनगरातील रहिवाशांच्या चेहऱ्यावर काजळी बसविणारा आणि ती काढणारा पदार्थ हे दोन्ही एकाच कच्च्या तेलाचे वंशज होत. मात्र खनिज तेलापासून आलेले ते घातक, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. शुद्ध खनिज तेल त्वचेवर फारशी प्रतिक्रिया घडवीत नाही, उलट अनेक नैसर्गिक सुगंधी तेले अधिहर्षता निर्माण करतात.

द्रवरूप मुखप्रक्षालकांत तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते. पाण्यात सूक्ष्मजीव वाढतात, म्हणून परिरक्षक आवश्यक ठरतो. साबणाच्या वडीला त्याची फारशी गरज नसते व कोरड्या उटण्याला मुळीच नसते. परिरक्षक हा घटक ग्राहकाच्या मनात सर्वाधिक भीती निर्माण करतो, परंतु तो वगळलेला पाणीदार पदार्थ अधिक धोक्याचा असतो. खरी काळजी विशिष्ट परिरक्षकांविषयी आहे. मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकामुळे यूरोपात २०१० नंतर त्वचेच्या अधिहर्षतेची साथच आली व त्याच्या वापरावर तेथे कडक मर्यादा घालण्यात आल्या. जंतुनाशक द्रव्यांचा इतिहासही सावधगिरीचा आहे. हेक्झॅक्लोरोफीन हे एके काळी साबणात सर्रास घातले जाई. फ्रान्समध्ये १९७२ मध्ये ते चुकून अतिप्रमाणात मिसळलेल्या पावडरीमुळे ३६ बालके दगावली; भारतीय नियमांतही साबणात त्याला १ टक्क्याची मर्यादा घालून ते बालकांसाठी वापरू नये अशी सूचना छापणे आवश्यक करण्यात आले. ट्रायक्लोसानासह १९ जंतुनाशकांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती साबणांतून वगळले, कारण साध्या साबणापेक्षा त्यांचा अधिक उपयोग होतो असे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही.

कायदा व तुलना : भारतातील औषधविषयक कायदा १९४० चा आहे. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधनांचा अंतर्भाव झाला. शरीर स्वच्छ करण्यासाठी लावण्याचा कोणताही पदार्थ या व्याख्येत येत होता. मात्र साबण तीतून स्पष्ट शब्दांत वगळलेला होता. म्हणजे देशातील बहुसंख्य लोक ज्या एकाच प्रसाधनाने तोंड धूत, तेच या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. १९८२ च्या दुरुस्तीने हा अपवाद काढून टाकला व १९८३ पासून साबण हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन झाले. तोपर्यंत साबणाची तुलना करण्याचे साधन म्हणजे भारतीय मानक संस्थेचे ऐच्छिक मानक. त्यात एकूण वसाद्रव्याचे प्रमाण हा निकष आहे. पुढील आवृत्तींनुसार पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० टक्के व तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावे लागते. याहून कमी वसाद्रव्याच्या वड्यांसाठी ‘स्नानाची वडी’ असे निराळे मानक असून त्यात ही किमान मर्यादा ४० टक्के आहे. दोन्ही वड्या दुकानात शेजारी मांडलेल्या असतात व आकाराने सारख्या दिसतात. वसाद्रव्याचा आकडा वडीत साबण किती आणि भरीची द्रव्ये किती हे सांगतो. ती वडी त्वचेला किती सौम्य आहे हे मात्र त्यावरून कळत नाही. ७६ टक्क्यांचा साबणही अल्कधर्मीच असतो.

अशा तुलना सामान्य ग्राहकासाठी प्रयोगशाळेत करून प्रसिद्ध करण्याचे कार्य १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने हाती घेतले. भारतातील ग्राहक चळवळीच्या आरंभीच्या संस्थांपैकी ती एक होय.

पदार्थ औषध की प्रसाधन, या प्रश्नावर अबकारी करही अवलंबून असे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या विको लॅबोरेटरीजने १९७५ मध्ये हळदीचे क्रीम बाजारात आणले. ते आयुर्वेदीय औषध आहे की सौंदर्यप्रसाधन, याविषयी अबकारी खात्याशी सुरू झालेला वाद अनेक वर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व निर्णय ते औषध असल्याचा झाला. या वादाकडे कराचा वाद म्हणून पाहिले जाते; वेष्टनावर काय छापावे लागते, या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे.

सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार घटकांची यादी उतरत्या प्रमाणाने द्यावी लागते. परंतु १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. यादी वाचताना ही १ टक्क्याची अदृश्य रेषा शोधणे हेच मुख्य कौशल्य होय. परिरक्षक बहुधा १ टक्क्याच्या आत वापरले जातात. म्हणून यादीत परिरक्षकाच्या पुढेमागे जो चंदनाचा, केशराचा वा कोरफडीचा अर्क आढळतो, तोही त्याच मापाचा असण्याचा संभव असतो. पाण्यानंतरची दोन-तीन नावे पृष्ठक्रियाकारी द्रव्यांची असतात व दोन पदार्थांमधील खरा फरक तेथेच असतो. निरनिराळ्या किंमतींच्या दोन नळ्यांत ती नावे एकच असतील, तर उरलेला फरक मुख्यत्वे सुगंध, रंग व जाहिरात यांचा राहतो. यादी बहुधा इंग्रजीत, रासायनिक नावांनी व अतिशय बारीक टाइपात असते. शिवाय ६० मिलि.पेक्षा लहान द्रव पुड्यांना व ३० ग्रॅमपेक्षा लहान घन पदार्थांना तिच्यातून सूट देण्यात आली. परिणामी एक-दोन रुपयांची पुडी घेणाऱ्या ग्राहकाच्या हाती यादी पडतच नाही.

आयुर्वेदीय परवान्याखाली बनविलेल्या पदार्थांना वेगळा नियम लागू आहे. त्यांच्या वेष्टनावर प्रत्येक घटकाचे नाव, वनस्पतीचा वापरलेला भाग व त्याचे प्रमाण छापावे लागते. त्यामुळे दिवाळीत विकल्या जाणाऱ्या उटण्याच्या अशा पाकिटावर नागरमोथा किती व वाळा किती हे मात्रेसह वाचता येते. शेजारच्या फळीवरील कडुनिंबाच्या फेसवॉशवर कडुनिंबाचे केवळ यादीतील स्थान कळते.